दाजींचा वानवळा

नदीकाठच्या एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. तो कोणाला फसवत नसे, खोटे बोलत नसे आणि सांगितलेले काम टाळत नसे. पहाटे स्नान, मग देवपूजा, मग जे सांगितले जाईल ते. आज्ञापालन हा मोठा गुण आहे. तो एकटाच अंगी असला तर काय होते, एवढेच येथे सांगायचे आहे.

त्याच्या बायकोचे नाव सगुणा. तिला मूल नव्हते. वर्षभर त्या घरात दोनच माणसांचा आवाज असे आणि त्यांतले एक माणूस फारसे बोलत नसे. उन्हाळ्यात मात्र निवृत्तीच्या बहिणीची मुले सुट्टीला येत. थोरली मंजुळा, मधला श्रीपाद, धाकटी छबी. त्या दिवसांची वाट सगुणा दिवाळीपासून पाही.

यंदा मुलांना पोहोचवायला त्यांचे वडील केशवराव स्वतः आले. ते तालुक्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्ती त्यांना दाजी म्हणे. त्यांनी चहा संपवला, कप सरळ ठेवला आणि सांगितले,

"वहिनी, मागच्या वर्षी मुलं नुसती लोळून परत आली. पाढेसुद्धा विसरली. मी अक्षय्य तृतीयेला येईन. मुलं रिकामी बसलेली दिसली, तर त्याच पावली घेऊन जाईन. आमच्याकडे उन्हाळी शिबिर आहे. मग दरवर्षी तिथेच."

'दरवर्षी' हा शब्द सगुणेने ऐकला आणि उचललेली बशी पुन्हा खाली ठेवली.

दाजी गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मुलं गमावून चालायचं नाही. त्यांना कशात ना कशात रमवून ठेवायचं. मी सांगेन तसं कराल ना?"

"आजवर नाही केलं असं कधी झालंय?" निवृत्तीने विचारले.

झाले नव्हते. सगुणेला भीती त्याचीच होती.

दिवस वाळवणाचे होते. गल्लीतल्या बायकांनी सावड केली होती. आज सगळ्यांनी मिळून हिच्या कुरडया घालायच्या, उद्या तिच्या. पहिली पाळी सगुणेची होऊन गेली होती. तिच्या कुरडया अंगणात बाजेवर वाळत होत्या. आता तिला रोज दुसऱ्यांच्या घरी जाणे भाग होते, आणि मुले रोज निवृत्तीच्या हाती राहणार होती.

पहिल्या दिवशी निघताना ती म्हणाली, "ऊन फार आहे. ऊन उतरेपर्यंत मुलांना दाराबाहेर काढू नका. तुम्हीही जाऊ नका. त्यांना खेळवा. दाजी परत जाताना त्यांच्या पिशवीत वानवळा म्हणून या कुरडया घालायच्यात, तेवढं लक्ष असू द्या."

"बरं," निवृत्ती म्हणाला. आणि त्याने तसेच केले.

त्याने दार लावले, कडी घातली आणि मुलांना घेऊन खिडकीशी बसला. थोड्या वेळाने कोंबड्या आल्या.

"मामा, कोंबड्या कुरडया खातायत," श्रीपाद म्हणाला.

"दिसतंय. माझं लक्ष आहे."

मग शेळी आली. शेळीला पाहून गाय आली.

"मामा, हाकलूया का?"

"ऊन उतरलं का?"

"नाही."

"मग बसा."

मुले बसली. पुढे कोण येणार यावर त्यांनी पैजा लावल्या. छबीने गाढव सांगितले होते आणि गाढव आले, तेव्हा तिला मामाच्या खांद्यावर बसवून घरभर मिरवण्यात आले. मुलांची दुपार फार चांगली गेली. ऊन उतरल्यावर निवृत्तीने दार उघडले आणि बाज उचलून आत ठेवली. तिच्यावर दुसरे काही नव्हते.

सगुणा परतली. बाज पाहून ती उंबऱ्यातच बसली.

"अहो, कुरडयांची राखण अशी करतात का? हातात काठी घेऊन दारात बसायचं. जो येईल त्याला 'हाट' म्हणायचं आणि पार वेशीपर्यंत पिटाळायचं."

"चुकलो. ही चूक पुन्हा व्हायची नाही."

आणि खरोखरच, ती चूक त्याने पुन्हा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सगुणेने देवळातल्या हरिदासबुवांना गळ घातली होती. त्यांनी दुपारी घरी येऊन मुलांना अभंगाची चाल शिकवायची, झांजा वाजवायला शिकवायचे. बुवा वयोवृद्ध, सात्त्विक, पायाने थोडे मंद. ते डोक्यावर पंचा घेऊन, काखेत झांजांची पिशवी घेऊन दारात आले. निवृत्ती दारात काठी घेऊन बसलेलाच होता.

"राम कृष्ण हरी," बुवा म्हणाले.

"हाट," निवृत्ती म्हणाला.

बुवांना वाटले, मागे कुत्रे असावे. त्यांनी वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"निवृत्ती, अरे मी आहे."

"ओळखलं की, बुवा. हाट."

तो उठला तसे बुवाही निघाले. ज्या पायांना देवळाच्या पायऱ्या चढवत नसत, ते पाय त्या दुपारी वेशीपर्यंत कोठेही थांबले नाहीत. वाटेत पिशवी पडली. मुलांनी झांजा उचलल्या आणि त्या वाजवीत ती मामाच्या मागे धावली. वेशीवर निवृत्तीने काठी खाली ठेवली, बुवांना वाकून नमस्कार केला आणि मुलांना घेऊन घरी आला. झांजा वाजवायला मुले शिकली होती.

सगुणेने बुवांचे पाय धरले तेव्हा कोठे ते शांत झाले. घरी येऊन ती म्हणाली,

"दारी आलेल्याला काठी दाखवतात होय? दारी आलेला देवासारखा. हात जोडावेत, पाट मांडावा, गूळपाणी द्यावं, आणि 'घर आपलंच आहे, संकोच करू नका' असं म्हणावं."

"चुकलो. ही चूक पुन्हा व्हायची नाही."

झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सगुणेच्या माहेरून आंब्यांच्या पाट्या आल्या. ती म्हणाली, "मुलांना आंबे निवडायला बसवा. पाडाचे एकीकडे, कच्चे एकीकडे. त्यात त्यांची दुपार जाईल. दाजींच्या वानवळ्याला कुरडया राहिल्या नाहीत, आंबे तरी देऊ."

"बरं."

मुले ओसरीवर आंबे निवडू लागली. तेवढ्यात नदीकडच्या चिंचांवरून वानरांची टोळी उतरली. पुढे एक थोराड हुप्प्या होता. तो अंगणात येऊन बसला आणि आंब्यांकडे पाहू लागला.

श्रीपादने काठी आणली. निवृत्तीने ती काढून घेतली.

"मामी काल काय म्हणाली?"

"पण मामा, ती माणसांबद्दल म्हणाली."

"देवासारखा म्हणाली. मारुतीराय कोण होते?"

श्रीपाद बाजूला झाला. निवृत्तीने हात जोडले, पाट मांडला, वाटीत गूळ आणि तांब्यात पाणी ठेवले.

"घर आपलंच आहे," तो म्हणाला. "संकोच करू नका."

हुप्प्या पाटावर बसला. त्याने संकोच केला नाही. त्याच्या परिवारानेही केला नाही. मंजुळेने नंतर सांगितले की वानरांना निवड फार छान येते. पाडाचे त्यांनी खाल्ले आणि कच्चे नेले.

सगुणा आली तेव्हा ओसरीवर कोयी होत्या.

"आंबे असे उघड्यावर ठेवतात का हो?" तिचा आवाज आता थकला होता. "आतल्या खोलीत न्यायचे, गवतात पुरायचे, वर पोतं टाकायचं, दार लावून घ्यायचं. ऊब धरली पाहिजे. अधूनमधून अंगठ्याने दाबून बघायचं. कडक लागला की पुन्हा झाकायचं."

आंबे संपल्यावर त्याला ही माहिती मिळाली. पण त्याने ती वाया जाऊ दिली नाही.

अक्षय्य तृतीया दुसऱ्या दिवसावर आली होती. सगुणेने शेजारच्या इंदुताईंकडून आईस्क्रीमचा पॉट मागून आणला. दूध आटवून, साखर घालून ठेवले. पहाटेच्या एसटीने तालुक्याहून बर्फाची लादी मागवली. ती म्हणाली, "बर्फ आला की नीट ठेवा. मी लवकर येते. मग मुलं पॉट फिरवत बसतील. त्यांच्या हाताचं आईस्क्रीम दाजींसाठी ठेवू, म्हणजे त्यांना दिसेल मुलं काय करतात ते."

"नीट म्हणजे?" असे निवृत्तीने विचारायला हवे होते. परंतु नीट कसे ठेवतात, हे त्याला कालच समजले होते.

बर्फ आला. त्याने तो आतल्या खोलीत नेला, गवतात पुरला, वर पोते टाकले, दार लावले. थोड्या वेळाने अंगठ्याने दाबून पाहिले.

"कडक आहे."

पुन्हा झाकले. पुन्हा पाहिले. पुन्हा कडक.

"मामा, ऊब धरत नाही," छबी म्हणाली. ती लहान होती, पण खोलात जाऊन लक्ष घालत होती.

मग निवृत्तीने शेगडी पेटवून जवळ ठेवली आणि मुलांना पाळीपाळीने पोत्यावर बसवले. पोते हळूहळू खाली जाऊ लागले. मुलांना ते झोपाळ्यासारखे वाटले. ज्याची पाळी नसे तो भांडत असे. लादी लहान होत गेली, पण दर वेळी अंगठ्याला कडकच लागली. शेवटपर्यंत ती मऊ झाली नाही. मग सापडेनाशी झाली.

त्याच खोलीत ठेवलेले दूधही उबेने नासले.

सगुणा रडली नाही. तिने फक्त कपाळावर हात ठेवला. "अहो, उन्हातून जे घरात येईल त्याला ऊब देतात की गारवा? देवळात महादेवाला बघता ना रोज? या दिवसांत पिंडीवर गळती लावतात. भांड्याला भोक पाडून थेंब थेंब पाणी सोडतात. चंदनाची उटी लावतात. देवाला ऊन सोसवत नाही, तिथे बर्फाचं काय? ओलं पोतं गुंडाळायचं, दोरीने बांधायचं आणि जागचं हलू द्यायचं नाही."

"चुकलो," निवृत्ती म्हणाला.

अक्षय्य तृतीया उजाडली. सगुणेने पुरणपोळ्या केल्या. सणाला पाण्याने भरलेला घट दान देण्याची रीत आहे, म्हणून तो घेऊन ती देवळात निघाली. दारात थांबून ती म्हणाली,

"दाजी येतील. मी तासाभरात येतेच. आज नवीन काही सांगत नाही. इतके दिवस सांगितलं ते सगळं लक्षात आहे ना?"

"आहे."

"तेवढं केलं तरी पुष्कळ. पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. आणि जाताना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. घरात असेल ते द्यायचं, हात आखडायचा नाही. आज दिलेलं अक्षय्य होतं, कधी सरत नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला. सगळे धडे त्याला पाठ होते. कोणता धडा कोठला, एवढेच राहिले होते.

देवळात गर्दी होती. सगुणेला उशीर झाला.

केशवराव भर दुपारी फाट्यावर उतरले आणि उन्हातून चालत आले. धोतराला घडी, हातात छत्री, चेहरा लाल. दारात निवृत्ती काठी घेऊन बसला होता.

"काय निवृत्ती, बरं आहे ना?"

"हाट," निवृत्ती म्हणाला.

केशवरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना पळवले होते. स्वतः पळण्याची त्यांना सवय नव्हती. तरी वेशीपर्यंत ते गेले. तेथे निवृत्तीला दुसरा धडा आठवला. त्याने काठी टाकली, हात जोडले, दाजींना मोठ्या आदराने परत आणले, पाटावर बसवले आणि गूळपाणी दिले.

"घर आपलंच आहे. संकोच करू नका."

"निवृत्ती, तुझी तब्येत..." केशवराव बोलू लागले. परंतु तोवर तिसऱ्या धड्याची वेळ झाली होती.

मुलांनी मदत केली. श्रीपादने गवत पसरले, मंजुळेने पोते आणले, छबीने दार लावले. केशवराव गळ्यापर्यंत गवतात होते. निवृत्तीने त्यांचा खांदा अंगठ्याने दाबला.

"कडक आहेत."

"पुन्हा झाका," छबी म्हणाली.

"हे काय चाललंय?" केशवरावांनी विचारले. त्यांनी हे वर्गात विचारावे तसे विचारले. वर्गात या प्रश्नावर सगळे गप्प होत. येथे उत्तर मिळाले.

"मामीने सांगितलंय, बाबा," श्रीपाद म्हणाला. "तुम्ही हलू नका."

पुन्हा दाबून पाहिले. कडक. शिवाय अंग तापलेले. निवृत्ती विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. दाजी उन्हातून आले होते.

पोते भिजवून केशवरावांना गुंडाळण्यात आले आणि दोरीने खांबाला बांधण्यात आले. वर आढ्याला भोकाचे मडके टांगले. थेंब बरोबर टाळूवर पडत होता. मंजुळा आडावरून पाणी आणून मडके भरू लागली. श्रीपाद सहाणेवर चंदन उगाळू लागला. छबी वडिलांच्या कपाळाला उटी लावी, बेलाचे पान डोक्यावर ठेवी, आणि ते घसरले की पुन्हा ठेवी. निवृत्ती बाजूला बसून शांतपणे स्तोत्र म्हणत होता. तो मनापासून म्हणत होता. त्याच्या भक्तीत कधीच खोट नव्हती.

केशवराव प्रथम ओरडले. मग त्यांनी नोकरीवरून काढण्याची धमकी दिली. निवृत्तीला नोकरी नव्हती. मग त्यांनी धडपड सोडली. इतक्या आदराने कोणी काही करू लागले तर त्याला विरोध कसा करावा, हे त्यांना माहीत नव्हते. पाणी टपटप पडत राहिले.

सगुणा आली ती हरिदासबुवांना जेवायला घेऊनच. बुवा फाटकापाशी थांबले.

"आधी काठी कुठे आहे ते बघ," ते म्हणाले.

सगुणा आत गेली. तिने पाहिले. हातातला पूजेचा रिकामा तांब्या तिने जमिनीवर ठेवला, दोरी सोडली आणि केशवरावांच्या पायांवर डोके टेकले.

"दाजी, माझं चुकलं. न्या मुलांना. मी काही बोलणार नाही."

केशवरावांनी डोक्यावरचे बेलाचे पान काढून छबीच्या हातात दिले. मग ते पंच्याने तोंड पुसत सावकाश म्हणाले,

"वहिनी, मुलं रिकामी दिसली तर नेईन, असं मी म्हणालो होतो."

"हो."

"मी दुपारपासून बघतोय. दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. एकही पोरगं क्षणभर रिकामं बसलेलं नाही. आमच्या शिबिरात एवढं काम कोणी करून घेणार नाही." ते थोडे थांबले. "या उन्हाळ्यात अंगाला असा गारवाही मला कोठे मिळाला नव्हता. मी शब्दाचा माणूस आहे. मुलं सुट्टीभर इथेच राहू देत. पुढल्या वर्षीही."

सगुणा उठली. तिने सगळ्यांना पाने वाढली. केशवराव आणि बुवा पोटभर जेवले. भिजलेल्या माणसाला भूक लागते. पोळ्या संपल्या, तेव्हा तिने पदराने डोळे पुसले आणि देवापुढे साखर ठेवायला ती आत देवघरात गेली. तेथे ती बराच वेळ हात जोडून बसली. एवढे मागितलेले मिळाले की माणसाला लवकर उठवत नाही.

बाहेर परतीच्या एसटीची वेळ झाली. केशवराव छत्री घेऊन निघाले. निवृत्ती त्यांना पोहोचवायला फाट्यापर्यंत गेला. मुलेही गेली.

सगुणा देवघरातून आली तेव्हा घर शांत होते. तिला वाटले, मुले खेळत असतील. तिने ओसरी पाहिली. आतली खोली पाहिली. अंगणात पाहिले. अंगणात निवृत्ती पाय धूत होता. त्याचा चेहरा समाधानी होता.

"मुलं कुठं आहेत?"

"दाजींबरोबर दिली."

"दिली?" ती म्हणाली. "अहो, ते तर ठेवायला तयार झाले होते."

"हो. तेही तसंच म्हणाले. वहिनींना विचारलंत का म्हणाले. मी म्हटलं, तिनेच सांगितलंय. मग मुलांना घेऊन उभ्या एसटीत बसले बिचारे." त्याने तांब्या पालथा घातला. "दाजींना रिकाम्या हाताने कसं पाठवणार? कुरडया नाहीत, आंबे नाहीत, आईस्क्रीम नाही, पोळ्याही संपल्या. घरात तेवढंच उरलं होतं."

दूर फाट्यावरून एसटीचा भोंगा ऐकू आला. सगुणा ओसरीच्या पायरीवर बसली.

"जा," ती म्हणाली. "धावत जा आणि परत मागून आणा."

निवृत्तीने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बायकोची आज्ञा मोडली, आणि तीही तिच्याच शिकवणीला जागून.

"असं कसं?" तो म्हणाला. "आज दिलेलं परत मागतात होय? ते अक्षय्य होतं."